छेद कोणी बदलला? : कॉफीच्या कपातली सामाजिक जबाबदारी

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला ‘कॉर्पोरेट सामाजिक जबाबदारी आणि शाश्वतता’. मी म्हटलं, मी इंजिनियर माणूस, या विषयावर एखादे प्राध्यापक बोलवा. तर म्हणाले, तुम्ही कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांच्या सॉफ्टवेअरवर काम करता ना, मग तुम्हीच बोला. ते खरं आहे. गेली सहा वर्षं मी पुण्यात हेच करतो. कंपन्यांच्या शाखांमधून विजेचे, पाण्याचे, कचऱ्याचे, अपघातांचे आकडे येतात, ते एका जागी जमतात आणि त्यांचे लाल, पिवळे, हिरवे आलेख तयार होतात. तुम्ही वार्षिक अहवालात जो गुळगुळीत आलेख पाहता, तो बनायच्या आधी कसा दिसत होता हे माझ्यासारख्या लोकांना ठाऊक असतं.

सगळ्या कंपन्यांबद्दल बोललो तर कोणाबद्दलच बोलल्यासारखं होणार नाही. म्हणून मी एकच कंपनी घेतो, स्टारबक्स. ती निवडायचं कारण सोपं आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिथली कॉफी प्यायली आहे, बऱ्याच जणांनी तिच्यावर बहिष्कार टाकला आहे, आणि काही जणांनी दोन्ही केलं आहे. दुसरं कारण असं की सामाजिक जबाबदारीवर जगात सर्वांत जास्त बोलणाऱ्या कंपन्यांमध्ये ही एक आहे. जो जास्त बोलतो त्याचं बोलणं तपासायला सोपं जातं.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे ‘सीएसआर’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? शाळेला दिलेले संगणक, वृक्षारोपणाचा फोटो, कंपनीचं नाव रंगवलेली पाण्याची टाकी. याचं कारण आपला कायदा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एक जरी लागू असेल तरी त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. चांगला कायदा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याचे नियम नीट वाचा. कंपनी आपल्या नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून जे करते ते या खर्चात धरता येत नाही. फक्त आपल्याच कामगारांच्या फायद्याचं काही केलं तर तेही धरता येत नाही. म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘सीएसआर’ हा नफा झाल्यानंतरचा विषय आहे. नफा कसा कमावला, कच्चा माल पिकवणाऱ्याला काय मिळालं, झाडू मारणाऱ्याला किती पगार दिला, हे प्रश्न त्या २ टक्क्यांच्या बाहेर राहतात. मला आज त्या उरलेल्या ९८ टक्क्यांबद्दल बोलायचं आहे.

कॉफीची सुरुवात कुठून झाली हे आपल्याला अभिमानानं सांगितलं जातं. झाड इथिओपियाचं. पेय म्हणून तिला रूप दिलं येमेनच्या सूफींनी, रात्रीच्या इबादतीत जागं राहण्यासाठी. तिथल्या मोखा बंदरातून ती जगभर गेली. आणि हजहून परतताना बाबा बुढन यांनी सात बिया लपवून चिकमंगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी आख्यायिका आहे. आपल्यातले कित्येक जण त्या दर्ग्यावर जाऊन आले असतील. हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण आज कॉफीच्या दुकानात ‘मोका’ मागितलं तर काय येतं? चॉकलेट घातलेली कॉफी. बंदराचं नाव राहिलं, येमेनचा संबंध राहिला नाही. नाव एकाचं आणि पैसा दुसऱ्याचा, हा कॉफीच्या धंद्यातला जुना प्रकार आहे. आणि स्टारबक्सची पहिली गोष्ट नावाचीच आहे.

२००५ साली इथिओपियाच्या सरकारनं अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयात तीन नावांसाठी अर्ज केले : सिदामो, हरार आणि येर्गाचेफे. ही तिथल्या कॉफी पिकवणाऱ्या भागांची नावं. शौकीन लोक या नावांसाठी जास्त पैसे मोजतात. दुकानात अशा खास कॉफीची किंमत एका पौंडाला २६ डॉलरपर्यंत जात होती आणि शेतकऱ्याच्या हाती त्यातला अगदी लहान तुकडा पडत होता. इथिओपियाचा हिशेब साधा होता. बियांचा भाव न्यूयॉर्कचा बाजार ठरवतो, तिथे आपलं काही चालत नाही. पण नाव आपलं आहे. नावावर मालकी मिळाली तर निदान सौदा करायला बसता येईल.

यात अडचण अशी आली की स्टारबक्सनं स्वतः २००४ मध्येच ‘सिदामो’ हा शब्द असलेल्या एका नावासाठी अर्ज करून ठेवला होता. शिवाय अमेरिकेतल्या कॉफी कंपन्यांच्या संघटनेनं इथिओपियाच्या अर्जांना हरकत घेतली. येर्गाचेफेला मंजुरी मिळाली, पण ही तर कॉफीच्या प्रकारांची सर्वसाधारण नावं झाली, असं म्हणत बाकी दोन अडवली गेली. स्टारबक्सचं म्हणणं होतं की ट्रेडमार्क घेऊ नका, त्याऐवजी भौगोलिक प्रमाणपत्राची पद्धत घ्या. आपल्याकडे रत्नागिरी-देवगडच्या हापूसला जे मानांकन आहे, साधारण त्या जातीची गोष्ट. हा सल्ला वाईट नव्हता असं म्हणणारे जाणकारही होते. पण लाखो छोट्या शेतकऱ्यांचा माल कोणत्या शेतातून निघाला हे पोत्यागणिक सिद्ध करणं इथिओपियाला परवडणारं नव्हतं. आणि मुख्य मुद्दा असा की स्वतःच्या नावाचं काय करायचं हे त्या देशानं ठरवायचं की त्याच्या गिऱ्हाइकानं?

मग ऑक्सफॅम या संस्थेनं मोहीम काढली. हजारो लोकांनी स्टारबक्सला पत्रं, ईमेल, फॅक्स पाठवले. त्याच सुमारास, २००६ मध्ये, ‘ब्लॅक गोल्ड’ हा माहितीपट आला. त्यात ओरोमियाच्या शेतकरी सहकारी संघाचे तादेसे मेस्केला आपल्या कॉफीला बरा भाव मिळावा म्हणून देशोदेशी फिरताना दिसतात. शेवटी जून २००७ मध्ये करार झाला. स्टारबक्सनं तिन्ही नावांवरची इथिओपियाची मालकी मान्य केली. इथिओपियानं नाव वापरायचे पैसेही मागितले नाहीत. फक्त नाव आमचं आहे असं लिहून द्या आणि ते बाजारात वाढवायला मदत करा, एवढंच मागितलं.

या एका करारानं तिथली गरिबी गेली असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट पाहा. हे सगळं चाललं होतं तेव्हाही कंपनीचे सामाजिक जबाबदारीचे अहवाल दर वर्षी छापले जात होते. त्यात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा होत्या, पाण्याच्या योजना होत्या, हसरे फोटो होते. इथिओपियानं मागितलं ते त्या अहवालात बसत नव्हतं, कारण त्यानं मदत मागितलीच नव्हती, मालकी मागितली होती.

आता प्रमाणपत्राकडे येतो. २००४ पासून स्टारबक्सची ‘कॅफे प्रॅक्टिसेस’ नावाची पद्धत आहे. ‘कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल’ या पर्यावरण संस्थेबरोबर ती तयार केली. मळ्याला गुण दिले जातात : कॉफीचा दर्जा कसा, पैसे कोणाला किती गेले याच्या पावत्या आहेत का, मजुरांना किमान वेतन मिळतं का, मुलं कामाला आहेत का, पाणी आणि झाडं कशी राखली आहेत. दोनशेच्या वर निकष आहेत. तपासणी कंपनी स्वतः करत नाही, बाहेरच्या संस्था करतात. इंजिनियर म्हणून मला ही रचना आवडली, खरं सांगतो. कोस्टा रिकातल्या केंद्रापासून सुरुवात करून कंपनीनं शेतकऱ्यांना सल्ला देणारी केंद्रंही काढली. स्टारबक्सला माल न विकणारा शेतकरीही तिथे फुकट सल्ला घेऊ शकतो. हे चांगलं काम आहे आणि चांगल्याला चांगलं म्हणायला आपलं काही जात नाही.

२०१५ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की आमची ९९ टक्के कॉफी आता नैतिक मार्गानं घेतलेली आहे. सॉफ्टवेअरमध्ये असं असतं की कोणी येऊन म्हणालं, ‘९९ टक्के टेस्ट पास झाल्या’, तर अनुभवी माणूस कोडकडे बघत नाही, आधी टेस्ट कोणी लिहिल्या ते विचारतो. इथे निकष लिहिले खरेदीदारानं आणि त्यांच्या संस्थेनं. ‘नैतिक’ या शब्दाची व्याख्याही त्यांची. माल घेणारेही तेच. तपासणी बाहेरच्याची असली तरी तपासनीस ठरलेल्या दिवशी येतो आणि जातो. मजूर मात्र वर्षभर तिथेच असतो.

ब्राझीलमध्ये २०१८ साली कामगार खात्याच्या निरीक्षकांनी मिनास जेराइस राज्यातल्या एका कॉफीच्या मळ्यावरून १८ मजुरांची सुटका केली. तिथल्या कायद्याच्या भाषेत त्यांची अवस्था गुलामीसारखी होती. त्या मळ्याकडे ‘कॅफे प्रॅक्टिसेस’चं प्रमाणपत्र होतं. अलीकडच्या वर्षांत आम्ही तिथून कॉफी घेतलेली नाही, असं कंपनीनं सांगितलं. असेलही. पण मग ते प्रमाणपत्र तिथे काय करत होतं? पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘नॅशनल कन्झ्युमर्स लीग’ या जुन्या ग्राहक संघटनेनं वॉशिंग्टनमध्ये दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की पाकिटावर ‘१०० टक्के नैतिक खरेदीला बांधील’ असं छापून कंपनी ग्राहकाची फसवणूक करते. कंपनी हे नाकारते. पण दावा कशावर आहे ते लक्षात घ्या. मजुराचा छळ केला असा तो आरोप नाही, पाकिटावरचा शब्द खोटा आहे असा आहे. ग्राहकाला न्यायालयात नेता येतो तो फक्त शब्द.

कपांवर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ते माझ्या धंद्याचं आणि माझ्या घरचंही प्रकरण आहे.

माझ्या अब्बांची मिरजेत, स्टेशनजवळ चहाची गाडी होती. साठेक काचेचे ग्लास होते. शाळेतून आलो की ते विसळायचं काम माझ्याकडे. एखादा फुटला की अब्बा रात्री गल्ला मोजताना तेवढे पैसे वेगळे लिहायचे. म्हणजे आमच्याकडे ग्लासांचा रोजचा हिशेब होता आणि त्याला कोणी शाश्वतता म्हणत नव्हतं. पुढे कागदी कप आले. गिऱ्हाईक म्हणायला लागलं, ग्लास स्वच्छ नसतो, कप द्या. अब्बांनी दिले. कागदाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्या थरामुळे चहा गळत नाही आणि त्या थरामुळेच कप साध्या रद्दीत जात नाही. स्टारबक्सच्या कपाचीही हीच रड आहे.

स्टारबक्सनं २००८ साली जाहीर केलं की २०१५ पर्यंत आमची २५ टक्के पेयं पुन्हा वापरता येणाऱ्या कपांतून दिली जातील. मोठं लक्ष्य होतं, वर्तमानपत्रांत कौतुक झालं. तीनेक वर्षांनी ते लक्ष्य ५ टक्क्यांवर आणलं गेलं. प्रत्यक्षात आकडा २ टक्क्यांपर्यंतही पोचला नाही. स्वतःचा कप आणणाऱ्याला अमेरिकेत १९८५ पासून १० सेंटची सवलत होती. चार-पाच डॉलरच्या कॉफीवर १० सेंटसाठी कोण कप सांभाळत हिंडेल? सवलतीपेक्षा कपाचे वेगळे पैसे लावले तर लोक लवकर बदलतात, असं ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलं आहे. आपल्यालाही पिशवीचा अनुभव आहे. दुकानदार पिशवीचे पाच रुपये मागायला लागला तेव्हा आपण घरून पिशवी न्यायला लागलो.

हे वाचताना मला माझी एक दुपार आठवते. आमचा एक क्लायंट होता, परदेशातली दुकानांची साखळी. नाव सांगत नाही. त्यांचं लक्ष्य होतं, अमुक वर्षापर्यंत एकूण कचरा २० टक्क्यांनी कमी. दुकानं वाढत होती, त्यामुळे कचराही वाढत होता आणि आमच्या डॅशबोर्डवर तो आलेख कायम लाल. एक दिवस तिकीट आलं : ‘एकूण कचरा’ काढा आणि ‘प्रति दुकान कचरा’ घाला. म्हणजे अंश तोच ठेवायचा, खाली छेद टाकायचा. माझं दोन तासांचं काम. संध्याकाळी रिलीज झालं आणि आलेख हिरवा झाला. क्लायंटनं मेलवर टीमचं अभिनंदन केलं.

प्रति दुकान मोजणं चूक नाही. तेही एक रास्त माप आहे. चूक ही की जुनं लक्ष्य होतं आणि ते हुकलं हे अहवालात कुठेच उरलं नाही. मी त्या तिकिटावर एक ओळही लिहिली नाही. पुढच्या वर्षी मी सुचवलं की माप बदललं तर जुनं माप खाली बारीक अक्षरात तरी दिसू द्या. मॅनेजर म्हणाला, “अरे, आपण टूल बनवतो, धोरण नाही.” घराचा हप्ता चालू होता, मी गप्प बसलो. तुम्ही इथे बरेच जण इंजिनियरिंगला आहात, कॉमर्सला आहात. असं तिकीट तुमच्याकडेही येईल. ते फार साधं दिसतं आणि त्याच्यावर ‘हे पाप आहे’ असं लिहिलेलं नसतं.

जानेवारी २०२० मध्ये स्टारबक्सनं पुन्हा मोठी घोषणा केली. २०३० पर्यंत कार्बन, पाणी आणि कचरा तिन्ही निम्म्यावर. या वेळी त्यांनी आपला आधारही उघड केला. २०१८ मध्ये कंपनीच्या सगळ्या साखळीतून १ कोटी ६० लाख मेट्रिक टन हरितगृह वायू निघाले आणि ८ लाख ६८ हजार टन कचरा झाला. आकडे उघड करणं ही धाडसाची गोष्ट आहे, मी त्यांना त्याचे गुण देईन. त्याच हिशेबात हेही निघालं की कार्बनचा सगळ्यात मोठा एकटा वाटा दुधाचा आहे. मग अपेक्षा काय? ओट किंवा सोयाचं दूध घेणाऱ्याला स्वस्त मिळावं. अमेरिकेत मात्र त्याला जादा पैसे मोजावे लागत होते आणि ते नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालू राहिलं. म्हणजे अहवाल एक सांगत होता आणि बिल दुसरं. त्याच वर्षी आलेले नवे मुख्य अधिकारी ब्रायन निकोल यांना कॅलिफोर्नियातल्या घरून सिएटलच्या कचेरीत यायला, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटर, कंपनीचं विमान वापरायची मुभा करारात मिळाली. प्लास्टिकची स्ट्रॉ काढून टाकणार अशी घोषणा याच कंपनीनं २०१८ मध्ये केली होती. लोकांनी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून जे विनोद केले ते तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिले असतील.

कराचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की स्टारबक्सनं ब्रिटनमध्ये १४ वर्षांत ३ अब्ज पौंडांची विक्री केली आणि कंपनी कर भरला फक्त ८६ लाख पौंड. बेकायदा काही नव्हतं. ब्रँडच्या वापराचे पैसे नेदरलँड्सला जात होते आणि बियांची खरेदी स्वित्झर्लंडमधल्या कंपनीमार्फत होत होती. बिया स्वतः कधी स्वित्झर्लंडला गेल्या नाहीत, फक्त बिलं गेली. खासदारांनी अधिकाऱ्यांना बोलावून झाडलं, लोक दुकानांसमोर बसले, आणि कंपनीनं आपणहून २ कोटी पौंड भरायचं कबूल केलं. ज्या देशाच्या रस्त्यावर तुमचं दुकान आहे, त्या रस्त्याचे पैसे देणं ही सामाजिक जबाबदारीच आहे, पण ‘सीएसआर’च्या चकचकीत पानांवर कराचा आकडा मी क्वचितच पाहिला आहे. याच महिन्यात, १९ ऑक्टोबरला, टाटांबरोबरच्या भागीदारीत त्यांचं भारतातलं पहिलं दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडलं. आमच्या ऑफिसात त्याचीच चर्चा होती. लंडनची बातमी मी कित्येक वर्षांनी वाचली.

आता तुम्ही ज्याची वाट बघताय तो विषय, बहिष्कार.

आधी माझी चूक सांगतो. हॉस्टेलमध्ये असताना, २००९ च्या आसपास, मला एक ईमेल आला होता. स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी लिहिलेलं म्हणे पत्र, की तुम्ही घेतलेल्या प्रत्येक कपाचा पैसा इस्रायलला जातो. मी ते चाळीस जणांना पाठवलं. ते पत्र बनावट होतं. २००६ मध्ये कोणीतरी उपहास म्हणून लिहिलं होतं आणि जगानं ते खरं मानलं. स्टारबक्सची दुकानं इस्रायलमध्ये २००१ मध्ये उघडली आणि २००३ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिथे एकही नाही. हे शोधायला मला पाच मिनिटं लागली असती.

पण गोष्ट इथे संपत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टारबक्सच्या कामगारांच्या संघटनेनं समाजमाध्यमावर पॅलेस्टाइनशी एकजूट दाखवणारा मजकूर टाकला. कंपनीनं संघटनेवर दावा ठोकला, आमचं नाव आणि चिन्ह वापरू नका म्हणून. संघटनेनं उलटा दावा केला. ही संघटना काही आकाशातून पडलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात एका दुकानातल्या कामगारांनी मतदान करून ती मिळवली आणि मग शेकडो दुकानांत ती पसरली. अर्धवेळ कामगारांनाही १९८८ पासून आरोग्य विमा देणारी, कामगाराला ‘पार्टनर’ म्हणणारी ही कंपनी, पण पार्टनरांनी एकत्र बसून बोलायचं म्हटल्यावर कंपनीनं जो विरोध केला तो अमेरिकेतल्या कामगार मंडळासमोर वर्षानुवर्षं चालला. मला विचाराल तर कंपनीवर रागवायला हे कारण त्या बनावट पत्रापेक्षा पुष्कळ खरं आहे.

बहिष्काराचा फटका बसला तो कुठे? मलेशियात, आखातात. आखातातली दुकानं सिएटलची नाहीत, कुवेतच्या अलशाया समूहाची आहेत, त्यांच्याकडे फक्त नाव वापरायचा परवाना आहे. मार्च २०२४ मध्ये या समूहानं २००० हून जास्त माणसं कमी केली. अशा दुकानांत काम कोण करतं हे रत्नागिरी-रायगडच्या माणसाला सांगायला नको. बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेली मुलं. म्हणून बहिष्कार करू नये असं मी म्हणत नाही. पैसा कुठे खर्च करायचा हा तुमचा हक्क आहे, आणि गाझात जे घडलं ते पाहून कोणाच्या घशाखाली ती कॉफी उतरत नसेल तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. माझं म्हणणं इतकंच की पुरावा मागायची सवय दोन्हीकडे सारखी लावा. कंपनीच्या ९९ टक्क्यांना आपण विचारतो, हे कोणी मोजलं? मग ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डलाही तेच विचारा. त्या ईमेलनंतर माझ्या चाळीस मित्रांपैकी एकानंच विचारलं होतं, “हे कुठून आलं?” मला तेव्हा त्याचा राग आला होता.

काल एका मुलीनं मला जेवताना विचारलं, भाई, हे सगळं माहीत असून आमच्यासारख्यांनी करायचं काय, आम्ही काही शेअरहोल्डर नाही. तिला सांगितलं तेच इथे सांगतो. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना आता ‘सेबी’च्या नियमानुसार दर वर्षी व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. तो फुकट मिळतो, कंपनीच्या साइटवर असतो. त्यात कायम आणि कंत्राटी कामगार किती, स्त्रिया किती, किमान वेतनावर किती, पाणी किती, कचरा किती, असे सरळ आकडे असतात. तुमच्या गावाजवळच्या एमआयडीसीत अशी एखादी कंपनी नक्की असेल. तिचा तीन वर्षांपूर्वीचा अहवाल आणि या वर्षीचा अहवाल उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. कोणता तक्ता गायब झाला, कोणत्या आकड्याखाली नवा छेद आला, एवढंच शोधा. दोघातिघांनी मिळून एका रविवारी होण्यासारखं काम आहे. सापडलं तर कंपनीला मेल लिहा, उत्तर येवो न येवो. ऑक्टोबर २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका वर्तमानपत्रानं छापलं होतं की स्टारबक्सच्या दुकानांत चमचे धुवायचा नळ दिवसभर उघडा सोडलेला असतो, आणि त्यांच्या अंदाजानं जगभरात रोज २ कोटी लिटरहून जास्त पाणी वाया जातं. जंतू होऊ नयेत म्हणून नळ चालू ठेवतो, असं कंपनी आधी म्हणाली. मग तो प्रकार बंद झाला. तो नळ रोज हजारो ग्राहकांना काउंटरवरून दिसत असणार.

माझा वेळ संपला आहे. लॅपटॉपवर मी दोन अहवाल उघडून ठेवले आहेत, एक जुना, एक नवा. ज्यांना बघायचे आहेत त्यांनी पुढे या, प्रश्न तिथेच बसून घेऊ.